खर्जाची जागा

रेव्हरंड अन्सांनी पाण्याचा ग्लास रिकामा करून खाली ठेवला, तेव्हा कुळाचे प्रमुख बोटवे यांनी त्यांना येण्याचं कारण विचारलं. कारण अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी विचारलं, कारण आधी पाणी आणि मग विचारपूस झाल्याशिवाय त्या घरात कुणाचं बोलणं सुरू होत नसे. ज्यांच्यासाठी ही बैठक होती ते कोरांतेंग मास्तर देव मानत नव्हते, पण हा क्रम कुणी चुकवला की चिडायचे.

मास्तरांना जाऊन आठवडा झाला होता. देह खाली गावच्या शवागारात होता. अंगणात काळी-तांबडी वस्त्रं पांघरून कुळातली माणसं बसली होती, आणि उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्याने खुर्च्यांवर पुन्हा पुन्हा धूळ येऊन बसत होती. असाबेआ भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांची ती धाकटी बहीण, आणि बोटवेंच्या खालोखाल कुळात तिच्याच शब्दाला वजन होतं.

"मास्तरांनी मला भूमिती शिकवली," पाळक म्हणाले. तरुण होते, आवाज मऊ होता. "त्यांना पत्नीच्या, रोझिनाबाईंच्या शेजारी ठेवावं अशी माझीही इच्छा आहे. तिथे जागा आहे. पण ती दफनभूमी चर्चच्या मंडळीची. संध्याकाळी वडीलजन बसतील, त्यांना मी काय सांगू? चाळीस वर्षं त्यांनी प्रभुभोजन घेतलं नाही. आता गावात बायका म्हणतात की ते गात गात गेले. तसं असेल, शेवटी त्यांनी प्रभूचं नाव घेतलं असेल, तर जो जवळ होता त्या माणसाने तेवढं सांगावं. एका माणसाचा शब्द पुरे. मी खोदून विचारणार नाही."

जवळ असाबेआ होती. दुसरं कुणी नव्हतं. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचं सौजन्य; बाकी सगळ्यांनी पाहिलं.

लारबी, तिचा मुलगा, पाळकांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. तो मंडळीच्या वडीलजनांपैकी एक होता आणि गायकवृंदात खर्ज गायचा. पाळक फाटकाबाहेर पडल्याबरोबर बोटवेंनी खुर्चीखालून जिनची बाटली काढली.

"गेला देवमाणूस. आता मला आपल्या मागच्यांना जरा देऊ दे," म्हणत त्यांनी जमिनीवर धार सोडली आणि पूर्वजांची नावं घेतली. रिवाजाप्रमाणे असाबेआने तेवढा वेळ तोंड दुसरीकडे केलं. एरवी याच वेळी पायरीवरून मास्तरांचा आवाज यायचा, "दादा, तुझे पूर्वज पितात, हिचा देव ऐकतो, आणि मधल्या मधे माझा घसा कोरडा." आज पायरी रिकामी होती. बोटवेंनी उरलेला घोट तिकडे पाहत घेतला.

"काका, मी बोलू का?" दांसोआने विचारलं. मास्तरांची ही एकुलती एक मुलगी राजधानी आक्राहून आली होती. तिथल्या इस्पितळात ती भूल द्यायचं काम करायची. "मला माहीत आहे, कूळ आईकडून चालतं, म्हणून मी तुमच्या कुळातली नाही. बापाच्या मातीवर मुलांचा हक्क नसतो, भाच्यांचा असतो."

"हक्क नसतो, तोंड असतं. बोल."

"आईच्या दफनानंतर याच अंगणात बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्यावर पाळक उभा करू नका. जे मी मानलं नाही ते माझ्या डोक्यावर वाचू नका. तुम्ही सगळे ऐकत होतात."

"पुढचं पण सांग ना," लारबी फाटकातून आत येता येता म्हणाला. "त्याच दमात मामा म्हणाले, मला रोझिनाजवळ ठेवा. तेही सगळे ऐकत होते."

"दोन्ही म्हणाला," बोटवे म्हणाले. "दोन्ही एकत्र बसत नाहीत हे त्याला कळत नव्हतं असं नाही. गणिताचा मास्तर होता. आपल्यासाठी गृहपाठ ठेवून गेला."

कुणीतरी हसलं. असाबेआ हसली नाही.

चूक तिचीच होती. मास्तर गेले त्या पहाटे तिने दार उघडलं तेव्हा गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, आणि काहीतरी सांगायला हवं म्हणून ती एवढंच म्हणाली होती, "शेवटपर्यंत गात होता." बायकांनी हात वर करून देवाची स्तुती केली. तिला तेव्हाच पुढचं सांगता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिलाही हवासा वाटला होता. अर्धं वाक्य गावभर फिरलं आणि आठवड्याने पाळकांना घेऊन परत आलं.

*

सालेम म्हणजे गावातली ख्रिस्ती वस्ती; तिथल्या या घरात गाणं जेवणाआधी असायचं. असाबेआ आणि मास्तरांचे वडील थिओफिलस मंडळीचे प्रचारक होते. मुलांना टेबलाभोवती उभं करून ते संध्याकाळचं गीत चार आवाजांत गाऊन घ्यायचे. शब्द त्यांनीच बांधलेले होते. सूर जुळल्याशिवाय कुणी बसायचं नाही. पाम तेलाच्या रश्शाचा वास सुटलेला असायचा, कुटलेल्या कंदांच्या फुफूवर साय धरायची, आणि वडील म्हणायचे, "पुन्हा. असाबेआ, मधला सूर भिंतीसारखा उभा पाहिजे, तो डोलत नाही." भावाचा आवाज फुटला तसा त्याला खर्जावर घातलं. गीताच्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी बाकीचे तिन्ही आवाज एका स्वरावर थांबतात आणि खर्ज एकटाच चार पायऱ्या उतरून खाली येतो. ती जागा वडिलांची लाडकी. भाऊ ती इतकी सावकाश उतरायचा की धाकट्यांची भूक अनावर व्हायची.

त्याच वर्षी शेजारच्या दोकुआचं बाळ बाप्तिस्म्याआधी गेलं. मंडळीच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. वडिलांनी नियम सांगितला, आवाज न चढवता, डोळे पुसत. कुंपणापलीकडे, कुळाच्या पडीक जमिनीत खड्डा खणला गेला आणि फावडं धरायला भावाला पाठवलं. तो परत आला, हातपाय धुतले आणि त्या संध्याकाळीही गायला. फक्त नंतर असाबेआला म्हणाला, "बाळाने काय केलं होतं ग?"

देव त्याने एका दिवसात सोडला नाही. शिक्षक झाला, वाचत गेला, आणि हळूहळू रविवारी घरातच राहू लागला. कुणी विचारलं तर सांगायचा, "या टेकडीवर जी काही मदत यायची ती दोन पायांवर चालत येणार आहे. मी वाट बघत बसत नाही, खाली उतरून तिला घेऊन येतो." असाबेआ म्हणायची, ते पाय कुणी दिले? तो म्हणायचा, "आईने." हे भांडण पन्नास वर्षं चाललं आणि त्यात कुणी जिंकलं नाही.

म्हातारपणी दोकुआला एका प्रार्थना-शिबिरातल्या बुवाने चेटकीण ठरवलं. तिच्या मुलांनी तिचं अंथरूण रस्त्यावर टाकलं. मास्तर तिथे गेले आणि अंथरुणासकट तिला घेऊन आले. असाबेआने तोवर मागची खोली झाडायला घेतली होती.

"तू का झाडते आहेस?" त्यांनी विचारलं.

"प्रभूने सांगितलंय, परक्याला घरात घ्या."

"मला कुणी सांगितलं नाही, तरी आणली."

"मग तुझं पुण्य जास्त. धर ती उशी."

दोकुआ त्या खोलीत मरेपर्यंत राहिली. दोघांचीही कारणं तिने कधी विचारली नाहीत.

रविवारी मास्तर व्हरांड्यात बसून दाढी करायचे. गल्लीपलीकडून उपासनेतलं गाणं ऐकू आलं की वस्तरा थांबायचा आणि ते खालून खर्ज धरायचे. शब्द नाहीत, नुसता सूर. चर्चमधल्या बायका नंतर म्हणायच्या, मास्तर आज आपल्याबरोबर होते. रोझिना म्हणायची, "त्यांना तुमचा देव नकोय, त्यांना तुमच्या गाण्यात भोक पडलेलं सहन होत नाही."

दांसोआ त्या व्हरांड्यात वाढली. वसतिगृहाच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तिला संध्याकाळचं गीत उचलायला सांगितलं, आणि तिने खर्ज उचलला. तिला तीच चाल वाटत होती. सगळ्या मुली पोट धरून हसल्या. सुट्टीत घरी आली ती फणफणत, "बाबा, तुम्ही मला चुकीचं शिकवलंत." मास्तर खांबाला धरून हसले आणि मग म्हणाले, "चुकीचं नाही ग. अर्धं."

*

दुपारी बैठक मोडली. बायका रश्शाची भांडी आवरत होत्या. असाबेआ मागच्या दारी मक्याच्या केंकीचे गोळे सोलून उरलेली पानं गोळा करत होती, तिथे दांसोआ आली आणि शेजारी बसून पानं गोळा करू लागली.

"आत्या, सकाळी मी आईकडे जाऊन आले."

"हं."

"शेजारची जागा रिकामी आहे. गवत काढून ठेवलंय कुणीतरी. लारबीने काढलं असेल."

"त्यानेच. दर शनिवारी काढतो."

दांसोआने पानांची गड्डी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "सांगून टाक ना," ती हळूच म्हणाली.

असाबेआने हात थांबवला. "तू म्हणतेस हे? सकाळी काय बोलत होतीस?"

"सकाळी मी बाबांसारखी बोलत होते. आताही त्यांच्यासारखंच बोलते आहे. ते म्हणायचे ना, मेल्यावर काही उरत नाही, मेलेल्याला काही कळत नाही. मग आपण फसवणार कुणाला? त्यांना कळणार नाही. आईला शेजार मिळेल. मला दरवेळी एकाच ठिकाणी जाता येईल. यात कुणाचं काय बिघडलं?"

"आणि पाळक?"

"ते स्वतःच म्हणाले की खोदून विचारणार नाही."

तेवढ्यात लारबी दारात आला. त्याने शेवटचं ऐकलं होतं. एरवी या मामे-आत्येभावंडांचं दोन वाक्यांपलीकडे पटत नसे, पण आज तो तिच्याच बाजूला उकिडवा बसला.

"आई, ती बरोबर बोलते आहे. आणि खोटं तरी कुठे आहे? मामा गायले ना?"

"गायला."

"आजोबांचं गीत गायले ना? त्यात देवाचंच नाव आहे. गाणं ही प्रार्थनाच. एवढंच सांग. पुढचं विचारणार नाहीत, सांगायचं नाही."

"खूप जमतं की तुम्हा दोघांचं," असाबेआ म्हणाली. "तो असता तर आज दिवस साजरा केला असता."

"मला हसू येत नाहीये," लारबी म्हणाला. "ज्या माणसाने मला सूर लावायला शिकवलं तो कुंपणाबाहेर पडून राहणार, आणि मी दर रविवारी आत उभा राहून त्याचाच खर्ज गाणार? शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तो कुठे असेल? तुला भीती वाटत नाही?"

"वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. तुझ्या जन्माआधीपासून वाटते."

मग तिने त्यांना सांगितलं, जे बायकांना सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या त्या शेवटच्या संध्याकाळी तिने दिवा लावला आणि सवयीने गीत सुरू केलं. मधला सूर, कारण तिला तोच येतो. दुसऱ्या कडव्याला खाटेवरून खर्ज आला, कागदासारखा पातळ. तिसऱ्या ओळीची जागा त्याने घेतली, पूर्ण चार पायऱ्या. मग श्वास लागला, थांबला, आणि म्हणाला, "लारबी हल्ली दुसऱ्या ओळीत घाई करतो. सांग त्याला."

लारबीने मान खाली घातली.

"मग मी विचारलं, कोरांतेंग, मी प्रार्थना करू? म्हणाला, कर, तुला बरं वाटेल, मी ऐकतो. मी केली. तो ऐकत होता. संपल्यावर माझा हात धरला आणि म्हणाला, छान केलीस. पण उद्या गावात सांगू नकोस की मी केली. मी हो म्हटलं. मग हसला. म्हणाला, तुला मोह होईल."

वाऱ्याने पानं उडाली. कुणी उठलं नाही.

"दांसोआ, तुझ्या हिशेबाने त्याला आता काही कळत नाही," असाबेआ म्हणाली. "तुला खोटं बोलणं सोपं आहे. मी काय करू? माझ्या हिशेबाने तो आत्ता सगळं ऐकतोय. उद्या मी तिकडे गेले की पहिला तोच भेटेल. काय तोंड दाखवू?"

"आणि तिकडे नसला तर?" लारबीने विचारलं. हा प्रश्न त्याने आईला आयुष्यात कधी विचारला नव्हता.

असाबेआने उडालेली पानं हाताने पुन्हा ओढून घेतली. "तो कुठे असावा हे माझ्या साक्षीवर ठरणार असेल," ती म्हणाली, "तर देवाला माझ्यापेक्षा कमी माहिती आहे असं होईल. ते मला मानता येत नाही."

*

वडीलजनांच्या बैठकीआधी ती एकटीच पाळकांकडे गेली. त्यांनी पाणी दिलं, कारण विचारलं. तिने सगळं सांगितलं, गाण्यापासून हसण्यापर्यंत, काही न गाळता.

पाळकांनी तिचा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "गायले, एवढंच सांगितलं असतंत तरी मला पुरलं असतं."

"म्हणून तर सगळं सांगितलं."

"मग मला दफनभूमीचं फाटक उघडता येणार नाही, आई."

"मी मागायला आलेच नाही. तुम्हाला अर्धं कळलं होतं, ते पुरं करायला आले."

परतताना ती दफनभूमीत शिरली. रोझिनाची जागा शेवटच्या रांगेत होती. ती वारली त्या वर्षी पुढे, चर्चच्या भिंतीलगत, चांगली सावलीची जागा मोकळी होती आणि लारबीने तीच धरून ठेवली होती. मास्तरांनी हट्टाने ही मागची घेतली. नवऱ्याच्या दुःखापुढे कोण वाद घालणार म्हणून कुणी विचारलं नव्हतं. असाबेआ आता रोझिनाच्या डोक्याशी उभी राहिली आणि समोर पाहू लागली. समोर जास्वंदीचं कुंपण होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. कुंपणापलीकडे कुळाची पडीक जमीन, उंच गवत, आणि त्यात कुठेतरी दोकुआचं बाळ.

ती तिथे उभी असतानाच बोटवे काठी टेकत पलीकडच्या वाटेने आले. त्यांनाही तेच सुचलं होतं की काय, तिने विचारलं नाही.

"दादा, ही जमीन अजून आपलीच ना?"

"आपलीच. कुणाला हवी आहे ती?" त्यांनी काठीने गवत बाजूला केलं, कुंपणाजवळ येऊन झुडपांमधून तिच्याकडे पाहिलं, मग रोझिनाच्या दगडाकडे. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. "लबाड माणूस," ते म्हणाले. "गृहपाठ सोडवूनच ठेवला होता त्याने."

*

शनिवारी, रोझिनाच्या दगडासमोर कुंपणापलीकडे गवतात खड्डा खणलेला होता, आणि माणसं कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभी होती. कुळातली माणसं गवतात, मंडळीतली आत. रेव्हरंड अन्सा काळा झगा न घालता आले आणि रोझिनाच्या दगडापाशी उभे राहिले; तिथे उभं राहायला त्यांना कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. गायकवृंदही त्यांच्या मागे येऊन थांबला होता, कुणी बोलावलं नव्हतं तरी. लारबी मात्र शेवटच्या क्षणी रांग सोडून फाटकाला वळसा घालून बाहेर आला आणि खांदा द्यायला लागला. सख्खा भाचा तो, पुढची बाजू त्याचीच होती.

बोटवेंनी आपली धार सोडली. दांसोआ थोडंसं बोलली: वडील कुणाकुणाला शिकवत, खाली उतरून काय काय वर घेऊन येत, आणि ते स्वर्गाची वाट बघत नव्हते म्हणून त्यांना सकाळी लवकर उठावं लागे. दोन्हीकडची माणसं हसली. मग तिला पुढचं सुचेना, आणि तिने आत्याकडे पाहिलं. गीत नको, असं तिनेच आधी ठरवलं होतं. आता तिने होकाराची मान हलवली.

असाबेआने सुरू केलं. मधला सूर, भिंतीसारखा. कुंपणापलीकडून बायकांनी वरचा सूर धरला, पुरुषांपैकी काहींनी त्याखालचा. गायकवृंदातल्या खर्जाच्या माणसांनी लारबीकडे पाहिलं, आणि लारबी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. त्याच्याविना कुणी सुरू केलं नाही. पहिली ओळ खर्जाच्या पायाशिवाय गेली. दुसरीही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सगळे आवाज त्या एका स्वरावर येऊन थांबले, आणि खाली उतरायला कुणी नव्हतं. असाबेआने स्वर सोडला नाही. श्वास संपत आला तरी सोडला नाही.

मग डावीकडून आवाज आला. बाईचा, त्यामुळे जिथे असायला हवा त्याच्या बराच वर, आणि शब्दांशिवाय, कारण शब्द तिला कधी कुणी शिकवलेच नव्हते. दांसोआ डोळे मिटून चार पायऱ्या उतरली. पुढचं कडवं सुरू झालं तेव्हाही ती थांबली नाही. लारबीने तोंडावरचे हात काढले आणि तिच्या खाली, खोल, आपला सूर लावला.

दुसऱ्या ओळीत दोघांपैकी कुणीही घाई केली नाही.